कोथिंबीर कधी पेरायची, तुळस कधी लावायची: तारीख मागून मोजा

मार्चच्या अखेरीस कुंडीत धणे पेरले की पुढचं चित्र जवळजवळ ठरलेलं असतं. दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही. मग इकडे दोन, तिकडे चार असे विरळ कोंब येतात. रोप वीतभर होतंय न होतंय तोच मधोमध एक टणक दांडा सरळ वर निघतो. एकाच रोपावर दोन तऱ्हेची पानं दिसू लागतात: खाली रुंद, पंख्यासारखी, जुडीत असतात तशी, वर मात्र शेपूसारखी बारीक चिरलेली. वरची पानं अशी झाली की रोपाने पानांचा नाद सोडला आणि फुलांची तयारी सुरू केली, असं समजायचं. शेतकरी म्हणतात, ‘कोथिंबीर फुलावर आली.’ मग खत घालून, पाणी वाढवून, दुसऱ्या दुकानातून बी आणून पाहिलं जातं. कशानेच फरक पडत नाही. दांडा खुडला तरी बाजूने दुसरा येतो. दोष मातीचा नसतो, बहुतेकदा बियाण्याचाही नसतो. महिना चुकलेला असतो.

स्वयंपाकात लागणाऱ्या सुगंधी पानांच्या बाबतीत ही चूक वारंवार होते, कारण लावणीच्या बऱ्याचशा सूचना थंड देशांतून आलेल्या आहेत. तिकडे हिवाळ्यात माती गोठते. म्हणून शेवटचं हिम पडून गेलं की दिवस मोजायला लागायचं आणि पुढे पुढे जायचं, ही तिथली रीत. पाकिटावर ‘वसंत ऋतूत पेरा’ छापलेलं असतं ते यामुळे. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि चैत्रातल्या कोथिंबिरीची गत वर आलीच आहे. आपल्याकडे रोपाला आडव्या येणाऱ्या गोष्टी दोन: मार्च ते मे ऊन आणि जून ते सप्टेंबर पाऊस. त्यामुळे मोजणी उलटी करावी लागते. यातलं काय, कधी आडवं येणार ते आधी ठरवायचं. रोपाला काढणीपर्यंत किती दिवस लागतात ते पाहायचं. आणि तेवढे दिवस मागे यायचं. ती पेरणीची शेवटची तारीख.

रोपाला महिना कसा कळतो

बियाला पहिली खबर मातीच्या तापमानातून मिळते. धणे १५ ते २५ अंशांच्या मातीत चांगले उगवतात. ३० अंश ओलांडले की उगवण झपाट्याने घसरते. हे तापमान हवेचं नाही, बी जिथे पडलंय त्या खोलीवरच्या मातीचं. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत एप्रिलच्या दुपारी वरच्या दोन सेंटिमीटर मातीचा पारा सहज चाळिशीपुढे जातो, बातम्यांत शहराचं तापमान ३७ सांगितलेलं असलं तरी. स्वयंपाकघरातला खुपसायचा थर्मामीटर असेल तर दुपारी दोन-तीनच्या सुमारास दोन सेंटिमीटर खोल खुपसून आकडा बघा. सलग तीन दिवस ३० च्या वर असेल तर त्या जागी धणे पेरू नका. सावली करा किंवा थांबा. तुळशीचं नेमकं उलट. तिच्या बियाला २५ ते ३० अंश हवेत. डिसेंबरच्या गार मातीत ते आठवडेच्या आठवडे निपचित पडून राहतं आणि शेवटी मुंग्या उचलून नेतात.

दुसरी गोष्ट दिवसाची लांबी. कोथिंबीर, शेपू आणि मेथी ही दिवस मोठा होऊ लागला की फुलाकडे वळणारी पिकं आहेत. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर २१ डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा, तर २१ जूनचा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. लंडनमध्ये हाच फरक आठ तासांहून जास्त आहे. त्यामुळे आपल्याकडे रोपाला फुलावर ढकलण्याचं मोठं काम उष्णता करते. दिवसाची लांबी तिला हातभार लावते. पण हा हातभार अगदीच दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पुण्यात जुलैमध्ये दुपारचं तापमान २८ अंशांच्या आसपास उतरतं, म्हणजे उगवण व्हायला हवी, आणि होतेही. तरीही जुलैची कोथिंबीर जानेवारीसारखी भरत नाही. दिवस मोठा असतो, ढगांमुळे प्रकाश मात्र कमी, आणि वर सततचा ओलावा.

तो ओलावा म्हणजे तिसरी गोष्ट. पाऊस रोपाला तीन तऱ्हांनी मारतो. टपोरे थेंब वरची माती घट्ट करतात, बी एक तर खोल गाडलं जातं किंवा उघडं पडून वाहून जातं. मातीतली हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात. आणि पानं रात्रभर ओली राहिली की बुरशी येते. नुकतं उगवलेलं रोप सकाळी मातीलगत चिमटा काढल्यासारखं बारीक होऊन आडवं पडलेलं दिसलं, तर ती मर. त्या रोपावर उपाय नाही. शेजारची वाचवायची असतील तर पाणी लगेच थांबवा आणि कुंडी आडोशाला, वाऱ्यावर ठेवा. बाजारात कोथिंबिरीची जुडी मे महिन्यात महाग होते ती उन्हामुळे आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा महाग होते ती पावसामुळे. भाव एकच, कारणं दोन.

तिथी की नक्षत्र?

जुनी माणसं पेरणीची वेळ नक्षत्रावरून सांगतात. त्यामागे साधा हिशेब आहे. पावसाची नक्षत्रं सूर्याच्या चालीवर असल्यामुळे त्यांच्या तारखा दरवर्षी जवळजवळ त्याच येतात, फार तर एका दिवसाचा फरक. मृग ७-८ जूनला लागतो, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, चित्रा १०-११ ऑक्टोबरला, स्वाती २३-२४ ऑक्टोबरला. तिथी मात्र चंद्रावर चालते आणि अधिक महिन्यामुळे मागेपुढे सरकते. २०२० मध्ये घटस्थापना १७ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. ‘दरवर्षी घट बसले की मेथी टाकायची’ हा नेम एखाद्या वर्षी उत्तम साधतो, तर एखाद्या वर्षी मेथी हस्ताच्या पावसात सापडते. सण डोळ्यांसमोर ठेवून पेरायचं असेल तर दिवस मात्र नीट जुळतात: घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजन २८-२९ दिवसांवर असतं आणि मेथीला काढणीला तेवढेच दिवस लागतात. फक्त त्या वर्षी पाऊस खरंच उघडलाय का, हे आकाशाकडे बघून ठरवायचं. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान विभागाची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. घटस्थापना तिच्या आधी पडली तर कुंडी छपराखाली ठेवून पेरा.

कोथिंबिरीचा हिशेब

पुण्यात दुपारचं तापमान साधारण मार्चच्या मध्याला ३५ ला टेकतं. कोथिंबिरीला उगवायला ८ ते १२ दिवस आणि पुढे जुडीएवढी व्हायला ३० ते ३५ दिवस, म्हणजे एकूण ४५ दिवस धरा. १५ मार्चपासून ४५ दिवस मागे गेलं की जानेवारीची अखेर येते. उघड्यावरच्या शेवटच्या पेरणीची ही तारीख. निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी वर बांधली तर आणखी दोन-तीन आठवडे मिळतात, जास्त नाही. जाळी ऊन अडवते. दिवस लहान करत नाही आणि गरम रात्र थंडही करत नाही.

सुरुवातीच्या बाजूने पाहिलं तर पाऊस उघडला आणि ऑक्टोबरची हीट उतरू लागली की पहिली पेरणी. देशावर हस्त संपता संपता, म्हणजे १० ऑक्टोबरच्या पुढे. तिथून जानेवारीअखेर साडेतीन महिने हातात असतात. एवढ्या काळात सगळं बी एकदाच टाकणं ही दुसरी मोठी चूक. एकदम ढीगभर कोथिंबीर येते, मैत्रिणींना वाटली जाते आणि महिन्याभराने पुन्हा बाजार. त्यापेक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दर १५ दिवसांनी एकेक क्रेट पेरा. थंडीत तयार कोथिंबीर दोन आठवडे तरी फुलावर न येता उभी राहते, म्हणून एवढं अंतर चालतं. जानेवारीच्या मध्यापासून ते दहा दिवसांवर आणा, कारण तेव्हाची कोथिंबीर तयार झाल्यावर थांबत नाही.

आता पेरणी. भाजीवाल्यांकडे असतो तो ६० बाय ४० सेंटिमीटरचा क्रेट घ्या, किमान १५ सेंटिमीटर माती भरा. कोथिंबिरीचं मूळ सोटासारखं खाली जातं. उथळ ताटलीत ते तळाला टेकलं की रोप लवकर फुलावर येतं. रोपं उपटून दुसरीकडे लावू नका, त्याचंही तेच कारण. या क्रेटला ४ ते ५ ग्रॅम धणे पुरतात, म्हणजे पोह्याचा साधारण एक चमचा.

वाणसामानातले धणे चालतात, पण दोन अटींवर. ते अख्खे, न भाजलेले असावेत आणि फार जुने नसावेत. जुने आहेत की नाही ते वासावरून कळत नाही. वीस धणे मोजून घ्या, ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा, फडकं रोज एकदा शिंपडून ओलं करा. दहा दिवसांनी उघडा. चौदा-पंधरांना कोंब असेल तर बी उत्तम. दहांना असेल तर पेरताना दीडपट घ्या. पाच-सहांनाच असेल तर ते धणे आमटीत वापरा. ही चाचणी हिवाळ्यातच किंवा घरातल्या गार कोपऱ्यात करायची. मे महिन्यात गच्चीवर केली तर चांगलं बीसुद्धा नापास होईल.

अख्खा धणा म्हणजे एक बी नाही. दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या असतात. पाटावर धणे पसरून वरून लाटणं हलक्या हाताने फिरवलं की प्रत्येकाचे दोन भाग होतात. दाब एवढाच की फुटताना ‘कट्’ आवाज यावा, पीठ पडू नये. पीठ पडलं तर आतला अंकुर चिरडलाय. मग कोमट नव्हे, साध्या पाण्यात १२ तास भिजवा. रात्री टाकून सकाळी निथळले की झालं. अख्खा दिवस-रात्र पाण्यात राहिले तर आंबूस वास येतो. तो वास आला म्हणजे बियांना हवा मिळाली नाही, त्या गेल्या. निथळलेले धणे ओल्या फडक्यात आणखी एक दिवस ठेवून पेरले की उगवण दोन-तीन दिवस अलीकडे येते आणि एकसारखी येते.

आठ-आठ सेंटिमीटरवर बोटाने पाच रेघा ओढा, दीड सेंटिमीटरपेक्षा खोल नाहीत. त्यात धणे टाकून बारीक माती लोटा, झारीने पाणी द्या आणि वरून ओलं गोणपाट अंथरा. गोणपाटाखाली माती गार राहते आणि वर पापडी धरत नाही. पण पाचव्या दिवसापासून ते रोज सकाळी उचलून पाहायचं. पांढरे कोंब मातीवर वाकलेले दिसले, त्याच दिवशी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी रोपं अंधारात लांबुळकी, पिवळट होतात आणि पहिल्याच पाण्याला लोळतात. इतकी काळजी घेऊन ऐन वेळी गोणपाटापायी वाफा घालवणारे बरेच आहेत.

पुढे पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नाही. डिसेंबर-जानेवारीत पानांवर पिठासारखा पांढरा थर आला तर ती भुरी. दाटी आणि रात्रीची ओल ही तिची दोन कारणं. दाट रोपं उपटून आधी तीच खा. ढगाळ हवा चार दिवस टिकली की कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. जोरात पाण्याचा फवारा सकाळच्या उन्हात, दोन-तीन दिवस ओळीने मारला तर घरच्या क्रेटमध्ये तेवढं पुरतं.

मुळासकट उपटण्याऐवजी बाहेरची पानं देठाशी खुडली आणि मधला कोंब राखला, तर थंडीत एकाच क्रेटमधून दोन-तीन वेळा पानं मिळतात. वारंवार कापणीसाठीच काढलेल्या जाती आहेत; बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का ईशा ही त्यांतली एक. पण जात कोणतीही असो, एप्रिलचं ऊन तिलाही लागतं.

मेथी, शेपू

मेथी या घराण्यात सर्वांत समजूतदार. तीन ते पाच दिवसांत उगवते, २५ ते ३० दिवसांत काढायला येते. एवढ्या कमी दिवसांचं पीक असल्यामुळे मागून मोजलं की तारीख बरीच पुढे जाते: पुण्यात फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निर्धास्त पेरा. क्रेटला ८ ते १० ग्रॅम मेथ्या, रात्रभर भिजवून. उन्हाळ्यातही ती उगवते, पण पान लहान, देठ दोरीसारखा आणि कडूपणा जिभेवर राहणारा. कसुरी मेथीला मात्र साध्या मेथीचा हिशेब लावू नका. तिची वाढ संथ, थंडी लांबलचक हवी. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरली तरच तीन-चार कापण्या मिळतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा कसुरी हीच जात बहुतेक बियाण्यांच्या दुकानांत मिळते. जानेवारीत पेरलेली कसुरी एक कापणी देते आणि फुलते.

शेपूचं वेळापत्रक कोथिंबिरीचंच, फक्त तो दोन पावलं आधी फुलावर येतो. ख्रिसमसनंतर पेरू नका.

पावसावर लावायची पानं

तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता यांना ऊन आवडतं, त्यांना मारते ती थंडी आणि साचलेलं पाणी. त्यामुळे यांची मोजणी उन्हापासून मागे नाही, थंडीपासून मागे करायची. डिसेंबरमध्ये वाढ थांबण्याआधी मुळं खोल गेली पाहिजेत, त्यासाठी चार-पाच महिने हवेत. म्हणजे लावणी जून-जुलैत.

तुळशीचं बी वाळूपेक्षा बारीक. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून पुरायचं नाही. एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्यात पसरट भांड्यात चाळलेली माती आणि शेणखत निम्मं-निम्मं घेऊन ओली करा, बी चिमटीने वर भुरभुरा आणि हाताने हलकं दाबा. वर माती नको. झारीचं पाणी थेट टाकलं तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. फवाऱ्याने शिंपडा किंवा भांडं तासभर परातीतल्या पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या. ८ ते १२ दिवसांत कोंब, चार-सहा पानं झाली की हलवायचं. सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यातलं बी मृगाच्या सरी स्थिरावल्या की लावायला तयार. पहिल्याच वळवात घाई करू नका. वळवानंतर आठ-दहा दिवस कोरडं कडक ऊन पडतं आणि कोवळी रोपं त्यात होरपळतात.

मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडल्या की झाड पानांवर राहतं. सगळ्या वाळू दिल्या तर तुळस आपलं काम झालं असं धरून कोमेजू लागते. तुळशीच्या लग्नाला झाड डेरेदार हवं असेल तर खुडणं गणपतीपासूनच चालू ठेवा. डिसेंबरनंतर पानं गळतात, ती मेली म्हणून उपटून टाकतात. खोड नखाने खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर पाणी कमी करा आणि फेब्रुवारीची वाट बघा.

ज्याला दुकानात बेसिल म्हणतात तो आपल्या सब्जाचाच भाऊबंद, वनस्पती एकच. पण मोठ्या, मऊ पानांचे परदेशी प्रकार भर पावसात टिकत नाहीत, पानं काळी पडून झडतात. त्यांना वर्षातून दोन वेळा साधतात: फेब्रुवारीत पेरून मार्च ते मे, आणि सप्टेंबरच्या मध्यात छपराखाली पेरून ऑक्टोबर-नोव्हेंबर. हे बी भिजवू नका. फालुद्यात फुगतं तसंच ते फुगून गिळगिळीत होतं आणि बोटांना चिकटतं.

गवती चहाचं जुनं ठोंब जूनमध्ये उकरून हाताने फोडा. प्रत्येक तुकड्याला मूळ हवंच. पाती १५ सेंटिमीटरवर छाटा, दोन-तीन फुटवे एका खड्ड्यात, दोन खड्ड्यांत ६० सेंटिमीटर. छाटलं नाही तर मूळ धरण्याआधी पात्यांतून पाणी उडून जातं. बस्स, याहून त्याला काही लागत नाही.

कढीपत्त्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याच्या बियाची मुदत फार थोडी असते. फळं पावसाळ्यात पिकून काळी-जांभळी होतात. त्यातलं बी सुकलं की उगवणशक्ती गमावतं. तीन आठवड्यांनंतर फारसं हाती लागत नाही. पाकिटात मिळणारं वाळकं बी म्हणूनच बहुधा फुकट जातं. पिकलेली फळं मिळाली तर त्याच दिवशी गर चोळून काढा, धुवा आणि लगेच पेरा. गर राहिला तर बुरशी धरते. याहून सोपा मार्ग म्हणजे जुन्या झाडाच्या मुळांवर आलेला फुटवा. पावसाची झड लागलेली असताना, मुळाच्या तुकड्यासकट, संध्याकाळी काढून लावा.

लावलेला कढीपत्ता पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ नेहमी एकाच चुकीने मरतो. डिसेंबरमध्ये त्याची पानं पिवळी होतात, तो झोपेत जातो. पानं पिवळी दिसली की लोक पाणी आणि खत वाढवतात. झोपलेली मुळं ते पाणी ओढत नाहीत, माती ओली राहते आणि मुळं कुजतात. डिसेंबर-जानेवारीत मातीत बोट दोन पेरं घालून कोरडं लागेल तेव्हाच पाणी द्यावं, खत अजिबात नाही. जानेवारीच्या शेवटी शेंडे हातभर छाटा, मग एक-दोन ओंजळी शेणखत. मार्चमध्ये नवी तांबूस पालवी येते.

पुदिना

बी कशाला? भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या जाड, हिरव्या काड्या निवडा. तळची पानं काढून दोन पेरं पाण्यात बुडवा, पाणी रोज बदला; आठ-दहा दिवसांत पेरांतून पांढरी मुळं येतात. मुळं बोटाच्या एका पेराएवढी झाली की मातीत लावा, त्याहून लांब वाढू देऊ नका. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, लांब झाली की लावताना मोडतात. याच्या वेळा दोन: जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, आणि जूनअखेर ते जुलै, पावसाने उघडीप दिली असताना. एप्रिल-मे टाळा. काडीला अजून मूळ नाही आणि पानांतून पाणी उडतंच आहे, ती दोन दिवसांत मान टाकते. लागलेला पुदिना उन्हाळ्यात सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली की तरतो. पानांच्या पाठीवर नारिंगी-तांबूस पुटकुळ्या दिसल्या तर तांबेरा. सगळं जमिनीलगत कापा, कापलेलं कंपोस्टात न घालता कचऱ्यात टाका. खालून नवं निरोगी फुटतं.

पानओव्याचं वर्षभर कधीही चालतं, झडीचे दिवस सोडून. तोडलेली काडी एक दिवस सावलीत सुकू द्या आणि मग खोचा. ताजी खोचली तर मांसल देठ कुजतो.

रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो आणि पार्सली ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर लावायच्या. पार्सलीला उगवायला तीन आठवडे लागतात, एवढा धीर नसल्यामुळेच बहुतेकांच्या कुंड्या रिकाम्या होऊन त्यात दुसरं काही जातं. रोझमेरी इथे उन्हाने सहसा मरत नाही, जुलैच्या पावसाने मरते. मातीत एक तृतीयांश जाड वाळू घाला आणि मृग लागण्याआधी कुंडी छपराखाली सरकवा.

गाव बदललं की तारीख बदलते

वरच्या तारखा पुण्या-नाशिकच्या आसपासच्या देशासाठी आहेत. मुंबई आणि कोकणपट्टीत दुपारपेक्षा रात्र जास्त अडचण करते. समुद्रामुळे ती गार होत नाही. तिथे कोथिंबिरीचा खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन महिन्यांचा, आणि दिवाळीला पेरलेली कोथिंबीर थोडी विरळच यायची. गवती चहा, कढीपत्ता, पानओवा मात्र तिथे देशापेक्षा जोमाने येतात.

नागपूरकडे दुपारचा पारा मार्चच्या सुरुवातीलाच ३५ गाठतो, म्हणून शेवटची पेरणी २० जानेवारीच्या आत. तिथे डिसेंबरच्या रात्री बोचऱ्या असतात. उगवण रेंगाळली तर क्रेट रात्री भिंतीच्या दक्षिण बाजूला ठेवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. निफाड परिसरात थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या खाली जातो. अशा रात्री तुळस आणि बेसिल आत घ्या, कोथिंबिरीला काही होत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीत सगळंच उलटं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरात जून ते सप्टेंबर उघड्यावर काहीही पेरू नका. मात्र मे महिन्यातही दुपार तिशीच्या आसपास राहत असल्याने मार्च-एप्रिलमध्ये तिथे कोथिंबीर भरते, जेव्हा खाली वाईत ती दांड्यावर गेलेली असते.

राहता राहिला मे महिना, आणि घरी कार्य असेल तर कोथिंबीर लागणारच. त्यासाठी पूर्ण वाढलेल्या रोपाचा हट्ट सोडा. घरातल्या पूर्वेच्या खिडकीशी, जिथे माती २८ अंशांच्या आत राहते, पसरट ट्रेमध्ये फोडलेले, भिजवलेले धणे तिप्पट दाट पेरा आणि २० ते २५ दिवसांनी, पहिली दोन-तीन खरी पानं आली की कात्रीने कापून घ्या. दांडा निघायला लागणारा वेळच त्या रोपाला मिळत नाही. चटणीला हे पुरत नाही. पोह्यांवर भुरभुरायला पुरतं.